डबे घरातले आणि संगणकातले

मैत्रिणींनो, घरात एकूण डबे किती, असं कुणी विचारलं तर आपण गडबडून जाऊ. पण कुठल्या डब्यात काय आहे, हे मात्र लाइट गेलेले असतानाही बरोबर सांगू. लोणचं चिनीमातीच्या बरणीत, पीठ मोठ्या पत्र्याच्या डब्यात, मोहरी-हळद-जिरं मिसळणाच्या डब्यात. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवायचं नाही, हे कुठल्या शाळेत शिकवलं? आई-आजीच्या हाताखाली आपोआप कळलं. जिन्नस कसा आहे, तो किती वेळा लागतो आणि त्याला काय सोसत नाही, यावरून भांडं ठरतं.

आता सांगते ती गोष्ट ऐकून हसू नका. संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुला-मुलींना पहिल्या काही धड्यांत हेच शिकवतात! माहिती कुठल्या डब्यात ठेवायची. त्यांच्या भाषेत त्याला ‘कंटेनर’ म्हणतात. आपल्यापैकी अनेकींची मुलं पॉलिटेक्निकला, बीसीएला जातात, सीबीएसईच्या अकरावी-बारावीला संगणकशास्त्र घेतात. तिथे ‘पायथन’ नावाची भाषा असते. पोरगी रात्री अकरा वाजता स्क्रीनसमोर डोकं धरून बसलेली दिसते आणि आपण चहा ठेवून निघून येतो. ‘आपल्याला त्यातलं काय कळतंय’ म्हणून. पण डब्यांचं शास्त्र ज्या बाईला कळतं, तिला हेही कळू शकतं. आणि कळायला हवं, कारण आता बचत गटाचे हिशेब, शिबिरांच्या याद्या, लाभार्थींची नावं हे सगळं याच डब्यांत जाऊन बसतं आहे. डबा चुकला तर एखाद्या बाईच्या आयुष्यात काय होऊ शकतं, ते पुढे सांगतेच.

दुभाष्याशी गप्पा

पायथनचा जन्म नेदरलँड्सचा. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका सरकारी गणित-संगणक संशोधन संस्थेत काम करणाऱ्या खिडो फान रोसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ती लिहायला घेतली आणि १९९१ साली ती लोकांसमोर आली. नाव ऐकून अजगर आठवतो, पण ते ठेवलं आहे ‘मॉंटी पायथन’ या बीबीसीवरच्या विनोदी कार्यक्रमावरून. ही भाषा वापरायला पैसे पडत नाहीत.

या भाषेचा स्वभाव दुभाष्याचा आहे. काही भाषांमध्ये आधी सगळा प्रोग्रॅम लिहायचा, मग त्याचं एकगठ्ठा भाषांतर करून घ्यायचं आणि मग तो चालवायचा. म्हणजे अख्खं पुस्तक भाषांतरित झाल्याशिवाय पान उलटायचं नाही. पायथनचा दुभाषा, त्याला ‘इंटरप्रिटर’ म्हणतात, शेजारी बसून एकेक वाक्य समजावून देतो. (आतल्या आत तोही आधी एका मधल्या भाषेत रूपांतर करतो, पण ते आपल्याला दिसत नाही.) स्क्रीनवर बाणासारखी तीन चिन्हं येतात. त्यांच्यापुढे एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, लगेच उत्तर. चुकलं तर तिथल्या तिथे तक्रार. आमटीत मीठ घालून लगेच चमचाभर चाखून पाहावं, तसं.

म्हणूनच डबे शिकायला ही जागा उत्तम. एक डबा करायचा, त्यात चार वस्तू टाकायच्या, झाकण उघडून बघायचं. काही बिघडत नाही, काही सांडत नाही. एक मात्र लक्षात ठेवायचं. दुभाष्याची ती खिडकी बंद केली की सगळे डबे रिकामे! जे जपून ठेवायचं आहे ते फाइलमध्ये लिहून ठेवावंच लागतं. तोंडी व्यवहार आणि वहीतली नोंद यांत जो फरक, तोच इथे.

चार डबे, चार तऱ्हा

पायथनबरोबर चार मुख्य डबे तयारच मिळतात. दुकानातून आणायला नकोत, घडवायला नकोत. म्हणून त्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणायचं. कुठल्याही गावात, कुठल्याही संगणकावर ते सारखेच वागतात.

पहिला डबा ‘लिस्ट’. म्हणजे आपली वाण्याची यादी. चौकटी कंसात एकामागून एक वस्तू लिहायच्या, मध्ये स्वल्पविराम. गहू, तांदूळ, तूरडाळ. ज्या क्रमानं लिहिलं तो क्रम टिकतो, एक वस्तू दोनदा लिहिली तर दोनदा राहते. शेवटी काही घालायचं असेल तर ‘अपेंड’, काढायचं असेल तर ‘रिमूव्ह’. गंमत एवढीच की मोजणी शून्यापासून सुरू होते. यादीतला पहिला जिन्नस शून्य नंबरचा. नवशिक्या मुलांचा हमखास गोंधळ होतो तो इथे.

दुसरा ‘टपल’. साध्या कंसात लिहितात. हाही यादीसारखाच, पण झाकण सील केलेलं. एकदा भरला की आत घालणं-काढणं बंद. मग उपयोग काय? बदलू नयेत अशा गोष्टी ठेवायला. जन्माचा दिवस, महिना, वर्ष. एखाद्या विहिरीचे अक्षांश-रेखांश. कुणाचा हात चुकून लागला तरी बदल होत नाही, दुभाषा लगेच अडवतो.

तिसरा ‘सेट’. महिरपी कंसातला. यात एक वस्तू एकदाच. तेच नाव पुन्हा टाकलं तरी एकच राहतं, आणि क्रमाची खात्री नाही. आमच्यासारख्या समाजकार्य करणाऱ्यांना हा डबा सोन्यासारखा. समजा, पहिल्या आरोग्य शिबिरात ज्यांचं हिमोग्लोबिन कमी निघालं त्या बायकांचे नोंदणी क्रमांक एका सेटमध्ये ठेवले आणि दुसऱ्या शिबिराला आलेल्यांचे दुसऱ्या सेटमध्ये. आता पहिल्यातून दुसरा वजा करायचा. मध्ये नुसतं वजाबाकीचं चिन्ह! जे उरतात ते आल्याच नाहीत त्या बायकांचे क्रमांक. त्यांच्याच घरी जायचं आहे. हे काम कागदावर टिचक्या मारत करायला बसलं तर एक दुपार जाते आणि एखादं नाव निसटतंच. निसटलेलं नाव नेमकं सर्वांत अशक्त बाईचं असतं, हा आपला नेहमीचा अनुभव.

चौथा डबा सर्वांत महत्त्वाचा, ‘डिक्शनरी’. लाडानं ‘डिक्ट’. हाही महिरपी कंसात, पण प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावलेली. चिठ्ठीला म्हणतात ‘की’, म्हणजे किल्ली, आणि आतल्या मालाला ‘व्हॅल्यू’. मधे विसर्गासारखी दोन टिंबं. साखर : पाच किलो. रवा : दोन किलो. ‘साखर’ म्हटलं की उत्तर, पाच. सगळी यादी वाचत बसायला नको. दुभाषा चिठ्ठीवरच्या अक्षरांवरून एक हिशेब करतो आणि माल कुठल्या खणात आहे ते थेट काढतो. यादीत शोधायचं तर पहिल्यापासून एकेक पाहत जावं लागतं. चौदा नावांत काही फरक पडत नाही, पण जिल्ह्याच्या लाखभर नावांत फार पडतो. चिठ्ठी मात्र न बदलणारी हवी. म्हणून टपल किल्ली होऊ शकतो (आतल्या वस्तूही न बदलणाऱ्या असतील तर), लिस्ट होऊ शकत नाही. बरोबरच आहे, रोज बदलणाऱ्या पत्त्यावर पोस्टमन पत्र कुठे टाकणार?

एक बारकावा सांगून ठेवते. नुसता रिकामा महिरपी कंस लिहिला तर तो सेट होत नाही, रिकामी डिक्शनरी होते. रिकामा सेट हवा तर ‘सेट’ हा शब्द लिहून पुढे साधा कंस द्यावा लागतो.

याशिवाय ‘कलेक्शन्स’ नावाच्या कपाटात आणखी काही डबे आहेत. ‘काउंटर’ मोजणी करून देतो. ग्रामसभेत आलेल्या तक्रारी एकामागून एक टाकल्या, पाणी, रस्ता, पाणी, दारू, पाणी, की पाणी तीनदा, बाकी एकेकदा असं उत्तर हातात. ‘डेक’ हा दोन्ही तोंडांनी उघडणारा डबा. रेशनच्या रांगेसारखा. पुढचा माणूस गेला, मागे नवा आला. साध्या लिस्टमधून पहिला काढला तर मागच्या सगळ्यांना एकेक पाऊल पुढे सरकवावं लागतं. डेकमध्ये तो त्रास नाही.

एकाच नावाच्या दोघी

आता ती गोष्ट. आमच्याकडच्या एका बचत गटात चौदा जणी. महिना शंभर रुपये बचत, आणि गटाचा नियम असा की ज्याची जेवढी शिल्लक, त्याच्या तिप्पट अंतर्गत कर्ज मिळू शकतं. सचिव ताई सातवी शिकलेल्या, पण रजिस्टर असं की एक आकडा इकडचा तिकडे होणार नाही. एका सदस्येची मुलगी डिप्लोमाला आहे. तिनं सुट्टीत मोठ्या हौसेनं गटाचा हिशेब पायथनमध्ये बसवला. डिक्शनरी केली. बाईचं नाव ही किल्ली, शिल्लक ही व्हॅल्यू. सगळ्या जणी कौतुकानं बघायला आल्या.

त्याच बैठकीत एका शेतमजूर बाईनं कर्ज मागितलं. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, फी भरायची होती. सहा वर्षं तिनं एकही हप्ता चुकवला नव्हता. मुलीनं नाव टाइप केलं, उत्तर आलं, सहाशे रुपये. म्हणजे कर्ज फार तर अठराशे. त्या बाईचा चेहरा उतरला. ‘मी तर दर महिन्याला देते हो,’ एवढंच म्हणाली. दोघी-तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. संगणक खोटं कसं बोलेल?

सचिव ताईंनी शांतपणे रजिस्टर उघडलं. बहात्तर महिने, सात हजार दोनशे. कर्जाचा हक्क एकवीस हजार सहाशेचा. मग त्यांनी मुलीला साधा प्रश्न विचारला, ‘तुझ्या डब्यात बायका किती?’ मुलीनं ‘लेन’ म्हणजे मोजदाद करून पाहिली. तेरा! रजिस्टरमध्ये चौदा. बेरीजही बरोबर सात हजार दोनशेनं कमी.

झालं असं होतं की त्याच नावाची, त्याच आडनावाची एक नवी सून सहा महिन्यांपूर्वी गटात आली होती. आपल्याकडे गावात एकाच नावाच्या चार बायका निघतात, त्यात नवल नाही. पण डिक्शनरीत एका नावाची चिठ्ठी एकच. दुसऱ्यांदा तेच नाव आलं की दुभाषा समजतो, जुनी नोंद सुधारायची आहे. तो जुना माल काढतो, नवा ठेवतो आणि चकार शब्द बोलत नाही. त्याच्या दृष्टीनं काही चुकलेलंच नसतं. इथे सहा वर्षांच्या घामाच्या जागी सहा महिन्यांचे पैसे येऊन बसले.

उपाय सोपा होता. नाव ही किल्ली नको, सदस्य क्रमांक ही किल्ली. नाव आत ठेवायचं, शिलकीच्या शेजारी. क्रमांक दोघींचा एक असू शकत नाही. मुलीनं तासाभरात बदल केला, चौदा मोजले, बेरीज जुळवली. त्या बाईला कर्ज मिळालं. मुलगी हिरमुसली होती, तर सचिव ताईच तिला म्हणाल्या, ‘अगं, आम्हीपण रजिस्टरला पहिला रकाना अनुक्रमांकाचाच ठेवतो ना!’

मला यात मोठी गोष्ट दिसते. आपल्या बायकांची ओळख कागदोपत्री कायमच पातळ. माहेरचं नाव, सासरचं नाव, कुणाची बायको, कुणाची आई. त्यात एकीचं नाव दुसरीसारखं असलं तर ती पुसली जायला एक एंटर पुरतं. सरकारी यादीत नाव ‘दिसत नाही’ असं ऐकून परत येणाऱ्या बायका आपण पाहतो. तिथे असंच काही झालं असेल असं मी म्हणत नाही. पण ‘संगणकात नाही’ या वाक्यापुढे गप्प बसायचं कारण नाही, एवढं या प्रसंगातून आमच्या गटाला कळलं.

आणखी तीन खाचखळगे

पहिला, अक्षरांचा. आपल्याला एकच वाटणारं नाव दुभाष्याला वेगळं वाटू शकतं. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक, नावापुढे चुकून पडलेली मोकळी जागा, एवढं पुरतं. मग एकाच बाईच्या दोन नोंदी होतात आणि शिल्लक दोन ठिकाणी वाटली जाते. मराठी नावं अकारविल्हे लावायला सांगितली तरी संगणक स्वतःच्या क्रमांकांनुसार लावतो. त्याच्याकडे ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो. आपल्या बाराखडीतला ‘ह’नंतरचा ‘ळ’ तो मानत नाही.

दुसरा, शून्याचा. डिक्शनरीत नसलेली किल्ली मागितली तर दुभाषा ‘की-एरर’ म्हणून ओरडतो. ते टाळायला ‘गेट’ वापरतात आणि ‘नसेल तर शून्य सांग’ अशी सोय करून ठेवतात. पण शिल्लक शून्य असणं आणि नोंदच नसणं, या दोन गोष्टी एक आहेत का? पहिलीत बाईनं पैसे भरलेले नाहीत. दुसरीत आपण तिला लिहून घेतलेलं नाही. माणसांच्या याद्या करताना तो ओरडा ऐकू येऊ द्यावा, हे बरं.

तिसरा, चिठ्ठ्यांचा. त्याच मुलीनं पुढे नव्या वर्षाची यादी करताना लिहिलं, नवी बरोबर जुनी. आणि मग नव्या यादीतून गाव सोडून गेलेल्या सदस्येचं नाव काढलं. जुनी यादी उघडते तर तिथूनही गायब! कारण ‘बरोबर’च्या चिन्हानं दुसरा डबा तयार होतच नाही. त्याच डब्यावर दुसरी चिठ्ठी चिकटते. वेगळा डबा हवा असेल तर ‘कॉपी’ म्हणून सांगावं लागतं. आणि डब्यात आणखी छोटे डबे असतील तर ‘डीपकॉपी’, नाहीतर आतले छोटे डबे दोघांचे सामाईकच राहतात. जुन्या वर्षाचा हिशेब हा पुरावा असतो, तो असा हातातून जाता कामा नये. मुलीनं नाव लगेच परत घातलं, आणि आता ती आधी कॉपी करते.

एका बाईंनी दिलेली दृष्टी

या डब्यांना ‘क्लास’ही म्हणतात. शिकवणीचा क्लास नव्हे बरं का! क्लास म्हणजे साचा. मोदकाचा साचा एक, मोदक हवे तेवढे. लिस्ट हा साचा, आणि आपण केलेली प्रत्येक यादी हा त्यातून निघालेला मोदक. साच्याबरोबर त्याच्या करामतीही येतात, घाल, काढ, मोज, क्रम लाव.

ही दृष्टी घडवण्यात एका स्त्रीचा मोठा वाटा आहे, हे आपल्या मुलींना जरूर सांगा. बार्बरा लिस्कोव्ह. १९३९ सालचा जन्म. १९६८ साली अमेरिकेत स्टॅनफर्डहून संगणकशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या त्या तिथल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. पुढे एमआयटीत त्यांनी सत्तरच्या दशकात विद्यार्थ्यांबरोबर ‘क्लू’ नावाची भाषा तयार केली. तिच्यामागचा विचार असा की डबा वापरणाऱ्याला त्यात काय करता येतं एवढं ठाऊक असावं, तो आतून कसा बांधला आहे याची चिंता त्यानं करू नये आणि त्यात हातही घालू नये. कुकरची शिट्टी कशी बनवली हे ठाऊक नसतानाही आपण तीन शिट्ट्यांत भात करतोच ना? आजच्या अनेक भाषांवर, पायथनवरही, या विचाराची छाप आहे. संगणकातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार २००८ सालासाठी त्यांना मिळाला.

सुरुवात कुठून करायची?

एमएस-सीआयटी केलेल्या कितीतरी जणी आपल्या गावांत आहेत. प्रमाणपत्र फाइलीत, फाइल कपाटात. त्यांच्यासाठी ही पुढची पायरी आहे. संगणकावर पायथन फुकट उतरवून घेता येतं, त्याबरोबर ‘आयडल’ नावाची खिडकी येते, तीच दुभाष्याची बैठक. मोबाइलवरही ब्राउझरमधून पायथन चालवता येतं. इंग्रजीची भीती वाटत असेल तर एक आनंदाची गोष्ट. २००८ साली आलेल्या पायथन तीनपासून डब्याला देवनागरीत नाव देता येतं. ‘बचत’, ‘सदस्य’, ‘हप्ते’ असं सरळ मराठीत! भाषेचे स्वतःचे मोजके शब्द तेवढे इंग्रजी राहतात. आकडे मात्र इंग्रजी लिपीत टाइप करावे लागतात. अवतरणचिन्हात मराठी आकडा लिहून ‘इंट’ला दिला, तर तो आकडा म्हणून ओळखतो.

पहिल्या दिवशी फक्त किराण्याची लिस्ट करा. दुसऱ्या दिवशी तिची डिक्शनरी करा, वस्तू आणि किलो. तिसऱ्या दिवशी या महिन्याची आणि मागच्या महिन्याची यादी सेटमध्ये घालून वजाबाकी करा, काय नवं आलं ते दिसेल. चार दिवसांत हात बसेल. घरात शिकणारी मुलगी असेल तर तिलाच गुरू करा. आईला शिकवताना तिचं स्वतःचं पक्कं होईल, आणि रात्री अकरा वाजता ती स्क्रीनसमोर एकटी राहणार नाही.

आणि गटाचा हिशेब संगणकावर नेणार असाल तर तीन नियम आजच रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नाव नव्हे, क्रमांक ही किल्ली. नवी यादी करण्याआधी जुनीची खरी प्रत. आणि दर बैठकीत ‘लेन’नं माणसं मोजायची, बेरीज रजिस्टरशी ताडायची. दोन्ही जुळल्याशिवाय सही करायची नाही.